काय केलं, काय उरलं

गल्लीत त्यांना सगळे 'नेमके' म्हणत. ते आडनाव नव्हतं, खोड होती. गिऱ्हाइकानं शिलाई मशीन काउंटरवर ठेवून "चालत नाही" एवढंच म्हटलं, की हे चष्मा कपाळावर ढकलून विचारत, "नेमकं काय होतं?" आणि गिऱ्हाईक 'जाड कापडावर सहाव्या-सातव्या टाक्याला दोरा तुटतो' इथवर येत नाही, तोवर स्क्रू ड्रायव्हरला हात लावत नसत. दुकान दीड खोलीचं. मागच्या खोलीत नेमके, पुढच्या अर्ध्या खोलीत काउंटर आणि काउंटरमागे त्यांची बायको, म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांच्या वहिनी. नेमके मशीनशी बोलत, वहिनी माणसांशी. यातलं सोपं काम कुणाच्या वाट्याला आलंय, हे वहिनी दिवसातून एकदा तरी ऐकवत.

दुकानाचा एक नियम होता आणि तो वहिनींचा होता. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी एक बाई दुरुस्त झालेलं मशीन आठ दिवसांत परत घेऊन आली. त्याचे दाते झिजलेत, ते तलम कापड ओढणार नाहीत, हे नेमक्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. त्या बाईनं भर दुकानात अर्धा तास वहिनींची बिनपाण्यानं केली, आणि नेमके मागच्या खोलीत एका मशीनखाली डोकं घालून बसून राहिले. त्या संध्याकाळी वहिनींनी खोक्याचा पुठ्ठा कापून पन्नास चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीला भोक पाडून सुतळी ओवली आणि प्रत्येकीवर दोन ओळी आखल्या. वर 'काय केलं', खाली 'काय उरलं'. मजकूर नेमक्यांनी सांगायचा, अक्षर वहिनींचं, कारण नेमक्यांचं अक्षर म्हणजे शाईत पडलेली मुंगी कागदावरून चालत गेल्यासारखं. चिठ्ठी बांधल्याशिवाय मशीन दाराबाहेर जाणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

आजूबाजूचे दुकानदार हसले. आपल्या मालाची खोट आपणच लिहून द्यायची, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण वर्षभरात लोक शहराच्या दुसऱ्या टोकाहून मशीन घेऊन येऊ लागले. जे बिघडलेलं राहणार आहे ते आधीच कळलं, की माणूस त्याच्याशी जमवून घेतो. न सांगितलेल्या गोष्टीवरच तो चिडतो. हे वहिनींनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, काउंटरवर उभं राहून शिकल्या होत्या.

आता बिघाड नेमक्यांच्या लिव्हरमध्येच निघाला होता. तरुणपणी कधीतरी झालेली कावीळ बरी झाली असं सगळे समजत होते. ती आत दडून बसली होती आणि तिनं तीस वर्षांत लिव्हर दगडासारखं करून ठेवलं होतं. त्यात आता दोन गाठी सापडल्या. नेमके जन्मात दारूच्या थेंबाला शिवले नव्हते, तरी गल्लीनं समजायचं ते समजून घेतलं. वहिनींनी गल्लीतल्या दोघींना रस्त्यात थांबवून खरं कारण नीट समजावून सांगितलं, तेव्हा कुजबुज थांबली.

इलाज एकच होता, लिव्हर बदलणं. नेमक्यांचं नाव यादीत लागलं, पण बरंच खाली. यादीचा हिशेब असा, की जो जास्त आजारी तो आधी. नेमके तर रोज दुकानात बसत होते, त्यांचे रक्ताचे आकडे बरे होते. सर्जनबाईंनी त्यांना स्पष्टच सांगितलं होतं, की नंबर लागण्याइतके तुम्ही आजारी व्हाल, तोवर गाठी इतक्या वाढलेल्या असतील की मग लिव्हर बदलून उपयोग नाही. शेवटच्या तपासणीत मोठी गाठ तीन महिन्यांत बोटाच्या पेराएवढी वाढली होती. आणखी एक पेर वाढली, की नाव यादीतून कटणार होतं.

म्हणून त्या सोमवारी सर्जनबाईंनी दोघांना समोर बसवलं आणि दुसरा मार्ग सांगितला. टेबलावर प्लॅस्टिकचं लिव्हर होतं, त्याचा एक तुकडा निघून पेन्सिलींच्या डब्यात पडला होता. एक सव्वीस वर्षांची मुलगी आहे, त्या म्हणाल्या. जन्मतःच तिच्या शरीरात एक उणीव आहे. दूध, अंडी, डाळ यांतल्या प्रथिनांचे काही ठरावीक घटक तिला पचवून संपवता येत नाहीत. ते रक्तात साठतात आणि मेंदूवर चढतात. तिलाही नवं लिव्हर मिळणार आहे, तिचा नंबर अगदी वर आहे. ते बसलं की तिचा प्रश्न सुटेल. मग तिचं जे जुनं लिव्हर निघेल ते टाकून द्यायचं नाही. ते नेमक्यांना बसवायचं.

"म्हणजे आजारी माणसाचं काढलेलं," वहिनी म्हणाल्या.

सर्जनबाई शांत होत्या. ते लिव्हर आजारी नाही, त्या म्हणाल्या. त्याला शंभर कामं येतात आणि एक येत नाही. ते एक काम निरोगी माणसाचे स्नायू आणि बाकीचे अवयवही करत असतात. त्या मुलीच्या शरीरात ते कुणालाच येत नाही, म्हणून ती अडते. नेमक्यांच्या शरीरात लिव्हर सोडून बाकी सगळ्यांना येतं, म्हणून ते अडणार नाहीत. अशी ऑपरेशनं आजवर फार झालेली नाहीत, पण ज्यांची झाली ते वर्षानुवर्षं सगळं खाऊन-पिऊन आहेत. मोठा ताप किंवा उलट्या झाल्या तर मात्र लगेच रक्त तपासायला यावं लागेल. एकापाठोपाठ एक सोंगट्या पडतात, त्यावरून या पद्धतीला डॉमिनो म्हणतात, हेही त्यांनी सांगितलं.

"पडणाऱ्या गोष्टीचं नाव ऑपरेशनला कुणी ठेवलं?" वहिनींनी विचारलं. सर्जनबाई पहिल्यांदाच हसल्या आणि मग म्हणाल्या, की गुरुवारपर्यंत कळवा. नाही म्हणालात तर पुढच्या माणसाला विचारावं लागेल, त्याच्याकडेही वेळ कमी आहे.

फॉर्मवर दोन सह्या हव्या होत्या, पेशंटची आणि साक्षीदार म्हणून घरच्या कुणाची तरी. नेमक्यांनी पेन उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि बंद करून खिशाला लावलं. तिच्या अक्षराशिवाय दुकानातून सुईसुद्धा बाहेर जात नाही, मग मी कसा जाऊ, असं ते म्हणाले. सर्जनबाईंना वाटलं, गंमत करताहेत. ते गंमत करत नव्हते.

मंगळवारी वहिनींनी लेकीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात शिकवत होती. तिनं दोन तास कुठलेकुठले लेख वाचून उलट फोन केला आणि हो म्हणा म्हणाली. वहिनींचं समाधान झालं नाही. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, आणि वहिनींचं तोंड त्या झिजलेल्या दात्यांच्या वेळी बरंच पोळलं होतं. खोट असलेला भाग दुसऱ्या मशीनमध्ये घातला की खोटही तिकडे जाते, हे शेंबडं पोरही सांगेल. आपल्या नवऱ्याच्या पोटात कुणाची तरी खोट घालायला आपण सही करायची आणि उद्या काही झालं तर जन्मभर ती सही बघत बसायची, हे त्यांना जमेना. त्यांना भीती वाटत होती आणि भीती वाटली की त्या भांडी घासत. मंगळवारी घरातली स्वच्छ भांडीही दोनदा घासून झाली.

बुधवारी दुपारी नेमक्यांनी दुकानाचं शटर निम्मं ओढून घेतलं. वहिनींना वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये. पण ते मागच्या खोलीत गेले आणि कोपऱ्यातल्या वहिनींच्या स्वतःच्या मशीनसमोर बसले. ते मशीन वहिनींना आईनं लग्नात दिलेलं. लेकीचा बाळंतविडा, शाळेचे गणवेश, दुकानाचे पडदे, सगळं त्याच्यावर शिवलेलं. बावीस वर्षांपूर्वी ते एकदा बंद पडलं होतं, नेमक्यांनी दुरुस्त केलं होतं आणि नियमाप्रमाणे चिठ्ठीही लिहिली होती. ती चिठ्ठी अजून चाकाजवळच्या खिळ्याला लटकत होती. काय केलं: शटल बदललं. काय उरलं: काही नाही. अक्षर वहिनींचं.

नेमक्यांनी खालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला आणि त्याच्या मागच्या पोकळीतून एक छोटं कागदी पाकीट काढून टेबलावर ठेवलं. पाकीट पिवळं पडलं होतं, पण बंद होतं.

"हे तुझ्या मशीनचं नवं शटल," ते म्हणाले. "तेव्हा मागवलेलं. बसवलंच नाही."

वहिनींना आधी कळलंच नाही. मग नेमक्यांनी नेमकं सांगितलं. त्या कंपनीचं शटल त्या वेळी मिळत नव्हतं आणि वहिनींनी तर घर डोक्यावर घेतलं होतं, कारण लेकीचा गणवेश सोमवारी हवा होता. म्हणून त्यांनी भंगारात पडलेल्या एका मशीनचं शटल काढून यात घातलं. सुईखाली दोरा पकडून टाका घालणाऱ्या त्या शटलचं टोक बोथट होतं, मूळ मशीनमध्ये ते दर दहाव्या टाक्याला टाका सोडायचं. नवं आलं की बदलू, तोवर आठ दिवस ओढू, असं ठरवून त्यांनी 'काही नाही' लिहायला सांगितलं. पण यात ते एकदाही चुकलं नाही. नवं आलं, तेव्हा चालत्या गाड्याला खीळ कशाला म्हणून राहिलं. मग दहा दिवस झाले, मग वर्ष झालं, आणि मग सांगायची हिंमत राहिली नाही.

"त्या मशीनमध्ये सगळंच ढिलं होतं," नेमके म्हणाले. "सुईची दांडी हलायची, चाक डगमगायचं. बोथट टोकाला सांभाळून घेणारं कुणी नव्हतं. तुझ्या मशीनमध्ये बाकी सगळं घट्ट आहे. त्याची उणीव बाकीचे भरून काढतात. ती डॉक्टरीण परवा तेच सांगत होती, फक्त तिला मशीन माहीत नाही."

 वहिनींनी नवऱ्याला स्टुलावरून उठवलं, स्वतः बसल्या, सुईखालची पट्टी सरकवली आणि शटल बाहेर काढलं. ते त्या स्वतःही काढू शकत होत्या, बावीस वर्षांत कधी गरज पडली नव्हती इतकंच. टोकावरून नख फिरवलं. खाच लागली. त्यांनी ते परत बसवलं, कॅनव्हासच्या चार घड्या सुईखाली घातल्या आणि हातभर लांब सरळ शिवण मारली. मग कापड खिडकीशी नेऊन एकेक टाका बोटानं मोजत गेल्या. एकही सुटला नव्हता.

तेव्हा त्यांना रडू आलं. ते रागाचं आहे असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि ते बऱ्यापैकी खरंही होतं.

"इतकी वर्षं मी जगाला चिठ्ठ्या लिहून देतेय," त्या म्हणाल्या, "आणि माझ्याच मशीनवर खोटी चिठ्ठी. तीही माझ्याच हातानं लिहून घेतलीत."

"हो," नेमके म्हणाले.

"आता काय बिघडलं असतं सांगितलं असतंत तर? मी शिवलं नसतं?"

"शिवलं असतंस," ते म्हणाले. "मला तेव्हा वाटलं नव्हतं. चुकलो."

इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांच्या तोंडून वहिनींनी फार तर तीनदा ऐकला होता. त्यांनी नाक पुसलं. नवं शटल पाकिटातच ठेवलं, जुनं होतं तिथेच राहू दिलं. मग काउंटरवर जाऊन गठ्ठ्यातली एक कोरी चिठ्ठी घेतली आणि पर्समध्ये टाकली.

गुरुवारी सर्जनबाईंच्या खोलीत त्यांनी ती चिठ्ठी टेबलावर ठेवली. फाइल मी वाचली, वहिनी म्हणाल्या, पण ती तुम्ही लिहिलेली आहे. ज्याचा माल त्याची चिठ्ठी. ती मुलगी सव्वीस वर्षं ते वापरतेय, त्याच्या खोडी तिच्याइतक्या तुम्हालाही ठाऊक नसणार. या दोन ओळी तिनं भरून द्याव्यात.

खोलीत दोन्ही बाजूंचा समन्वय बघणारा कोऑर्डिनेटरही होता, कायम धावपळीत असलेला, गळ्यात तीन चाव्या अडकवलेला. त्यानं नियम सांगितला. दोघांनी एकमेकांची नावं विचारायची नाहीत, भेटायचं नाही. चिठ्ठी तो नेऊन देईल, पण ती मुलगी स्वतःच भीतीत आहे, तिच्यावर जोर करता येणार नाही. ती कदाचित ऑपरेशननंतर लिहील, कदाचित लिहिणारच नाही.

वहिनींनी विचार केला. नियम त्यांचा होता आणि तो त्यांनी एकदाही मोडला नव्हता. पण बोटाला अजून त्या खाचेचा स्पर्श आठवत होता आणि खिडकीतल्या उजेडात मोजलेले टाकेही. तीही पोरगी कुणाच्या तरी घरात घाबरून बसली असेल, हे त्यांना दिसत होतं.

"घाई नाही म्हणावं तिला," त्या म्हणाल्या आणि चिठ्ठीशिवाय सही केली. नेमक्यांनी खिशाचं पेन काढलं आणि त्यांच्या सहीखाली आपली मुंगी चालवली.

फोन सतराव्या दिवशी सकाळी अकरा वाजता आला. वहिनी एका गिऱ्हाइकाच्या मशीनला चिठ्ठी बांधत होत्या. त्यांनी गाठ पूर्ण मारली, गिऱ्हाइकाला 'काय उरलं' वाचून दाखवलं आणि मगच शटर ओढलं. नेमक्यांनी निघण्याआधी मागच्या खोलीत दोन मिनिटं मागून घेतली. ते काय करताहेत हे बघायला वहिनींना वेळ नव्हता, त्या रिक्षा थांबवून उभ्या होत्या.

हॉस्पिटलात शेजारशेजारच्या दोन ऑपरेशन थिएटरांत काम सुरू झालं. एकीकडे त्या मुलीचं लिव्हर निघालं आणि तिला नवं बसलं, दुसरीकडे तिचं निघालेलं नेमक्यांना. लेक दुपारी पोचली. मायलेकी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या आणि वहिनींनी घासायला काहीच नसल्यामुळे पर्सची चेन तेवढी सत्तर वेळा उघड-बंद केली. सर्जनबाई बाहेर आल्या तेव्हा संध्याकाळ होत होती. टोपीचा वळ कपाळावर उमटला होता. लिव्हर छान बसलंय, त्या म्हणाल्या, रंग चांगला आहे आणि पित्त वाहायला लागलंय. कामाला लागलंय म्हणजे, वहिनींनी विचारलं. कामाला लागलंय, त्या म्हणाल्या. वहिनींनी दुसरीबद्दल विचारायला तोंड उघडलं आणि नियम आठवून मिटलं. सर्जनबाईंनी न विचारताच मान हलवली, आणि ती होकाराची होती.

तिसऱ्या दिवशी कपडे आणायला घरी जाताना वहिनी दुकानात डोकावल्या. मागच्या खोलीत त्यांच्या मशीनवरची जुनी चिठ्ठी गेली होती आणि तिथे नवी लटकत होती. त्या मुंगीच्या अक्षराशी त्या बराच वेळ झगडल्या. काय केलं: भंगारातलं शटल घातलं. काय उरलं: टोक बोथट आहे. सांगायचं राहिलं, तो दोष शटलचा नाही. वहिनींनी ती तिथेच राहू दिली आणि जाताना गठ्ठ्यातली आणखी एक कोरी चिठ्ठी पर्समध्ये टाकली.

नेमके सुधारत होते, पण खात नव्हते. ताटात रोज अर्धं राहायचं. नवव्या दिवशी जेवणाच्या वेळेला कोऑर्डिनेटर चाव्या वाजवत आला आणि त्यानं खिशातून पुठ्ठ्याची चिठ्ठी काढून दिली. नाव-गाव नाही ना हे बघण्यासाठी मला वाचावी लागली, म्हणाला, आणि थांबला नाही. दोन ओळी त्या मुलीला पुरल्या नव्हत्या. बारीक, गोल अक्षरांत तिनं मागची बाजूही भरली होती. वहिनींनी मोठ्यानं वाचलं.

"काय केलं: यानं सव्वीस वर्षं माझं सगळं केलं. एक काम कधीच जमलं नाही, त्यावरून मी त्याला फार बोलले आहे. काय उरलं: तेच एक काम. तुमच्याकडे ते बाकीचे करतात असं डॉक्टर म्हणाल्या, तर त्याला सांभाळून घ्या. दुसरा दोष नाही. माझं सगळं जेवण आई काट्यावर ग्रॅममध्ये मोजून देते, त्यामुळे यानं कधी अंडं पाहिलेलं नाही. पोटभर म्हणजे काय, हे त्याला माहीत नाही. जमलं तर एकदा दाखवा."

 नेमके छताकडे बघत होते. मग त्यांनी हात लांब करून ताट जवळ ओढलं. त्यात एक उकडलेलं अंडं होतं, रोज परत जाणारं. त्यांनी ते खाल्लं, सावकाश, जणू कुणाला तरी चव समजावून सांगताहेत. ब्रेडचे तीन तुकडे खाल्ले. मग वॉर्डातल्या मावशींना हाक मारून विचारलं, की दुसरं अंडं मिळेल का.

वहिनींनी पर्समधून कोरी चिठ्ठी काढली. वरच्या ओळीत लिहिलं, दोन अंडी, तीन ब्रेड, ताट स्वच्छ. काम चोख. खालच्या ओळीपाशी त्या थांबल्या. मग लिहिलं, तू पोटभर जेवलीस का, ते कळायचं राहिलंय.

दोन दिवसांनी तीच चिठ्ठी परत आली. वहिनींच्या ओळीखाली जागा फारच थोडी होती, म्हणून त्या मुलीनं अक्षर आणखी बारीक केलं होतं.

"एक अंडं खाल्लं. अख्खं. आईनं काटा आणलाच नव्हता."